ऑफ-लेबल औषधयोजना (बालरोग)

औषधाला ज्या वयासाठी, आजारासाठी, मात्रेसाठी किंवा देण्याच्या मार्गासाठी (तोंडाने, शिरेतून) नियामकाची मान्यता असते, त्याबाहेर ते मुलांना देणे. हे बंदी घातलेले औषध देणे नव्हे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 मुख्यतः आयात, उत्पादन व विक्रीचे नियमन करतो. चिठ्ठीची जबाबदारी डॉक्टरची. मात्र मोठ्यांची मात्रा नुसती वजनाने भागून चालत नाही. नवजाताच्या यकृताला क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचा निचरा नीट जमत नाही आणि ते साचून बाळे दगावतात, हे 1959 मध्ये पुढे आले.

नागपूर परिसरात सिकलसेलसाठीचे (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होणारा आनुवंशिक आजार) हायड्रॉक्सियुरिया हे औषध याचे ठळक उदाहरण. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद शुक्ला व सोळंकी यांनी 1958 मध्ये केली. हायड्रॉक्सियुरियाला अमेरिकेत प्रौढांसाठी 1998 मध्ये मान्यता मिळाली. दोन वर्षांवरील मुलांसाठी युरोपात 2007 मध्ये, अमेरिकेत 2017 मध्ये. म्हणजे तिथे जे बरीच वर्षे ऑफ-लेबल होते ते आता तसे नाही. 9 महिने ते 2 वर्षे या वयात मात्र अमेरिकेत ते 2024 पर्यंत ऑफ-लेबलच होते, जरी 2014 च्या अमेरिकी मार्गदर्शिकेने 9 महिन्यांपासून ते सुचवले असले तरी.

मात्रेबद्दल मतभेद आहेत. ती मार्गदर्शिका रोज प्रतिकिलो 20 मि.ग्रॅ.पासून सुरुवात सुचवते. विदर्भातील रुग्णांत आढळणाऱ्या अरब-भारतीय हॅप्लोटाइपमध्ये (एकत्र वारशाने येणारा जनुकीय संच) पेशी विळ्यासारख्या होण्यापासून वाचवणारे गर्भीय हिमोग्लोबिन मुळातच जास्त असते. त्यामुळे रोज प्रतिकिलो 10 मि.ग्रॅ.ची स्थिर, न वाढवलेली मात्रा पुरावी, असा दुसरा पक्ष आहे. नागपूरच्या 'मेडिकल'मधील (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) दीप्ती जैन व सहकाऱ्यांचा 2012 चा मुलांवरील अभ्यास याच मात्रेचा. आफ्रिकेतील 2020 च्या चाचणीत वाढवत नेलेली मात्रा सरस ठरली, पण तिथला हॅप्लोटाइप वेगळा; इथे कमी मात्रेने सुरुवात करणे अधिक सयुक्तिक दिसते.

खरी अडचण 500 मि.ग्रॅ.च्या कॅप्सूलची. 25 किलोच्या मुलाला दिवसाआड एक कॅप्सूल दिली की प्रतिकिलो 10 मि.ग्रॅ.चा हिशेब जुळतो. 12 किलोच्या मुलाला रोज 120 मि.ग्रॅ. हवे. पूड अंदाजाने चार पुड्यांत वाटली तर पुड्या असमान होतात. त्यापेक्षा कॅप्सूलमधील पूड साध्या पाण्यात घोळून एकूण 10 मि.लि. करावे, ढवळून सिरिंजने 2.4 मि.लि. द्यावे, उरलेले टाकावे. घरचा चमचा वापरू नये. पाणी गरम करू नये. उष्णतेने औषधाचे विघटन होते. औषध पेशीविषारी असल्याने हातमोजे घालावेत, गर्भवतीने ते हाताळू नये.

सुरुवातीला दर चार आठवड्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करतात. न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दर मायक्रोलिटरला 2,000 च्या किंवा प्लेटलेट 80,000 च्या खाली गेल्यास औषध थांबवून पेशी सावरल्यावर पुन्हा सुरू करतात. उलट चूकही नेहमीची: मूल वाढते, चिठ्ठी जुनीच राहते. 16 किलो झालेल्या मुलाला तेच 120 मि.ग्रॅ. प्रतिकिलो 7.5 मि.ग्रॅ.च पडतात.