परिघीय चेतांच्या दुरुस्तीसाठी मूलपेशी-प्रत्यारोपण

मेंदू आणि मेरुरज्जू यांच्या बाहेर पसरलेल्या चेतांना (नर्व्ह) इजा झाली असता त्या जागी मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, किंवा त्यांच्यापासून घडवलेल्या पेशी सोडून चेतेच्या पुनर्वाढीला साहाय्य करण्याच्या प्रायोगिक उपचारपद्धतीला ही संज्ञा लावतात.

या पद्धतीविषयीचा एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. प्रत्यारोपित पेशींपासून नवी चेता उगवत नाही. हातापायांतील चेता म्हणजे अक्षतंतूंचे, म्हणजे चेतापेशींतून निघणाऱ्या लांब धाग्यांचे, जुडगे असते; हे तंतू ज्या चेतापेशींतून निघतात त्या मेरुरज्जूत किंवा त्यालगतच्या चेतागुच्छांत असतात आणि मनगटाशी चेता तुटली तरी त्या बहुधा जिवंत राहतात. वाढायचे असते ते त्यांच्याच तंतूंना. मूलपेशींनी त्या वाढीला वाट, आधार आणि पोषण द्यावे, म्हणजे एरवी श्वान (Schwann) पेशी, अर्थात तंतूंना वेढून मायलिन नावाचे आवरण घालणाऱ्या साहाय्यक पेशी, जे काम करतात ते करावे, इतकीच अपेक्षा असते.

हे काम किती मोलाचे आहे, ते चेता तुटल्यानंतरच्या घडामोडींवरून कळते. तुटलेल्या जागेच्या पुढचा तंतूंचा भाग झडून जातो, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकाच्या जिभेच्या चेतांवर दाखवून दिले. या काळात श्वान पेशी मायलिन राखण्याचे काम सोडतात, भक्षक पेशींच्या साथीने मोडतोड साफ करतात, आपली संख्या वाढवतात आणि एकामागे एक रांगा धरून चेतावर्धक प्रथिने स्रवू लागतात. या रांगांना ब्यूंगनर पट्टे म्हणतात आणि त्यांच्याच आधाराने नवे तंतू दिवसाला सुमारे १ मिमी पुढे सरकतात. काखेजवळच्या जखमेपासून हाताच्या पंज्यापर्यंतचे अंतर ६०० मिमी धरले, तर या वेगाने तेथे पोहोचायला २० महिने लागतील. चेतेचा संपर्क तुटलेला स्नायू मात्र साधारणपणे १२ ते १८ महिन्यांत कायमचा निकामी होऊ लागतो, आणि दीर्घकाळ तंतूंविना राहिलेल्या श्वान पेशींचीही आधार देण्याची क्षमता ओसरते. मोठ्या जखमांतील अपयशाचे मूळ बहुतेक वेळा या कालहरणातच असते.

टोके ताण न देता जुळत असतील तर शल्यविशारद ती शिवतात. मधे खंड पडला असेल तर रुग्णाच्याच पोटरीतील संवेदी चेतेचा तुकडा घेऊन कलम करतात; त्यामुळे पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि असे तुकडे हवे तितके मिळतही नाहीत. कोलॅजेनसारख्या पदार्थाची पोकळ नळी सुमारे ३ सेंमीपर्यंतच्या खंडाला चालते. त्याहून लांब नळीत दोन्ही टोकांकडून येणाऱ्या श्वान पेशी पुरेशा पडत नाहीत. रुग्णाच्याच श्वान पेशी वाढवायच्या, तर त्यासाठी दुसऱ्या चेतेचा बळी द्यावा लागतो आणि त्या वाढतातही सावकाश. ही उणीव भरून काढण्यासाठीच मूलपेशींचा विचार पुढे आला.

२००१ मध्ये मारी देझावा आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या जातीतील प्राण्यांच्या अस्थिमज्जेतील पेशींवर रासायनिक घटकांचा क्रमाने प्रयोग करून त्यांना श्वान पेशींसारखे रूप दिले आणि त्या तुटलेल्या चेतेत रोपल्या. त्यानंतर मेदऊतीतील पेशी अधिक वापरात आल्या, कारण चरबी सहज मिळते आणि तीतून पेशीही भरपूर निघतात. केसांच्या मुळाशी आणि दातांच्या गरात असलेल्या काही पेशींचा उगम श्वान पेशींप्रमाणेच भ्रूणातील चेताशिखा (न्यूरल क्रेस्ट) नावाच्या पेशीसमूहात होतो, म्हणून त्यांच्याकडेही लक्ष गेले. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये प्रथम घडवलेल्या प्रेरित बहुक्षम पेशींपासूनही, म्हणजे साध्या पेशींना पुन्हा मूलपेशींसारखे बनवून मिळवलेल्या पेशींपासूनही, श्वान पेशी बनवता येतात. मात्र रूपांतर न झालेली एखादी पेशी मागे राहिली तर गाठ होण्याचा धोका असतो.

या पेशी जेलमध्ये मिसळून नळीत भरतात किंवा जखमेभोवती सोडतात. चेतेतच सुई घातल्यास शाबूत तंतूंना इजा होऊ शकते. रोपलेल्या पेशींपैकी बऱ्याचशा काही आठवड्यांत मरतात, तरीही प्रयोगांत लाभ दिसतो. यावरून त्यांचा प्रभाव मुख्यतः स्रावांतून पडत असावा असे मानले जाते, आणि आता पेशींऐवजी त्यांनी सोडलेल्या सूक्ष्म पुटिका (पटलाने वेढलेल्या इवल्या पिशव्या) वापरण्याचेही प्रयत्न चालू आहेत.

बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतील मोठ्या उंदराच्या (रॅट) मांडीतील सायाटिक चेतेवरचा, १० ते १५ मिमी खंडाचा आहे. या उंदरांत चेतांची पुनर्वाढ जोमदार असते आणि अंतरही थोडे असते. म्हणून तिथले यश माणसाच्या हाताला जसेच्या तसे लागू करणे धाडसाचे ठरते. माणसांवरचे अनुभव थोड्या रुग्णांपुरते असून स्वतःच्या चेतेचे कलम हाच अजून मापदंड आहे. मधुमेहामुळे झिजलेल्या चेतांसाठी मूलपेशींची इंजेक्शने विकली जातात, तेव्हा तर अधिकच सावध राहावे, कारण तिथे इजेचे कारण शरीरात चालूच असते.

रुग्णाच्या स्वतःच्या पेशी वाढवायला काही आठवडे लागतात आणि शस्त्रक्रिया तर लवकर व्हावी लागते. दात्याच्या पेशी आधीच साठवून ठेवल्यास हा वेळ वाचेल, पण मग त्या नाकारल्या जाण्याचा प्रश्न उभा राहतो.