ऊसतोड कामगारांच्या मुलांची अर्धी राहणारी शाळा : पार्श्वभूमी

दसरा-दिवाळी उलटली की बीड, अहिल्यानगर, जालना, धाराशिव या जिल्ह्यांतील वाड्या-तांडे रिकामे होऊ लागतात. शाळेचा पट कागदावर तेवढाच राहतो, वर्ग मात्र ओस पडतात. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, तर उसाचा गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. त्यामुळे पहिल्या सत्रात बाकावर बसलेली मुले वार्षिक परीक्षेच्या वेळी पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या उसाच्या फडात असतात.

या स्थलांतराचे मूळ सहकारी साखर कारखानदारीच्या वाढीत आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून १९५० च्या सुमारास लोणी येथे सहकारी कारखाना उभा राहिला. पुढच्या दोन-तीन दशकांत बागायती पट्ट्यात कारखाने वाढत गेले, पण तोडणीला लागणारे हात आले ते कोरडवाहू भागातून. १९७२ च्या दुष्काळाने हा ओघ आणखी वाढवला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले होते. त्याच मुलखातल्या उसाच्या फडांत आज बाहेरून आलेली शाळाबाह्य मुले दिसावीत, हे मनाला लागते.

पालकांना शिक्षणाची आस्था नाही, असे सरसकट म्हटले जाते. ते मला मान्य नाही. खरे कारण मजुरीच्या पद्धतीत आहे. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, पावसाळ्यातच उचल (आगाऊ रक्कम) देतो आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका ‘कोयत्या’ला मिळते. एकट्या माणसाचा ‘अर्धा कोयता’ धरला जातो. मजुरी टनावर असल्याने आई-वडील दोघेही पहाटे अंधारातच फडात उतरतात, आणि गाडी भरायची असेल तर रात्रीही सुटका नसते. मग पाचटाच्या कोपीत (उसाच्या वाळल्या पाल्याच्या झोपडीत) पाणी भरणे, भाकरी थापणे आणि धाकट्याला कडेवर घेऊन वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करणे ही कामे आठ-दहा वर्षांच्या थोरलीवर येतात. ती वयात आली की गावी एकटी ठेवण्याची धास्ती वाटते. त्यातून लवकर लग्न होते आणि नवा कोयता तयार होतो.

कारखान्यांच्या परिसरात हंगामापुरत्या साखरशाळा काढण्याचा प्रयोग स्वयंसेवी संस्थांनी केला, त्याला शासनाचीही साथ मिळाली. कारखान्याजवळ अड्डा करून राहणाऱ्या बैलगाडीवाल्या टोळ्यांच्या मुलांना त्याचा आधार झाला. डोकी सेंटरच्या, म्हणजे डोक्यावरून मोळ्या वाहून वाहनात भरणाऱ्या, टोळ्या मात्र ट्रक-ट्रॅक्टर भरत एका गावच्या शिवारातून दुसऱ्या गावच्या शिवारात सरकतात. त्यांच्यामागे शाळा नेणे कठीणच होते. शिवाय साखरशाळेत शिकलेले गावच्या शाळेत धरले जाईल की नाही, हा घोळ राहत असे.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी ठरली. अशा मुलांना जवळच्या नियमित शाळेतच घ्यायचे, असे धोरण आल्याने साखरशाळा मागे पडत गेल्या. मूल जिथे जाईल तिथे प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्डही निघाले. पण फडापासून शाळा दूर, टोळीचा मुक्काम काही दिवसांचा आणि कर्नाटकात गेल्यास वर्गाची भाषा कन्नड, अशा स्थितीत ते कार्ड बहुधा पिशवीतच राहते.

दुसरा मार्ग मुलांना गावातच थांबवण्याचा. त्यासाठी हंगामी वसतिगृहे सुरू झाली. अनेक ठिकाणी मुले तिथे जेवतात आणि रात्री आजी-आजोबांकडे झोपतात. २०२१ मध्ये राज्य शासनाने संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनेला मान्यता दिली. ऊसतोड कामगारांची संख्या जास्त असलेल्या ४१ तालुक्यांत मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी एकूण ८२ वसतिगृहे तीत धरलेली आहेत. ही तरतूद शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी आहे. अंगावर पिणारे किंवा नुकते चालू लागलेले भावंड आईबरोबर फडावरच जाते, आणि त्याला सांभाळायला बहुतेकदा थोरल्या बहिणीलाच सोबत नेले जाते.