‘न्यूज’ म्हणजे चार दिशा नव्हेत
कोल्हापुरात शाळेतल्या भाषणांपासून स्पर्धा परीक्षांच्या वर्गांपर्यंत, ‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांतून बनला, असे आजही ठामपणे सांगितले जाते. ते खरे नाही. ‘न्यू’ म्हणजे नवे, आणि त्याला अनेकवचनाचा ‘एस’ लागून ‘नव्या गोष्टी’ या अर्थाचा हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत, फ्रेंच ‘नूव्हेल’च्या धर्तीवर रूढ झाला. जुन्या लेखनात ‘एस’च्या आधी आणखी एक ‘ई’ आढळतो, आणि आद्याक्षरांचा हिशेब तिथेच कोलमडतो. रूप अनेकवचनी असले तरी आज क्रियापद एकवचनी लागते: ‘द न्यूज इज’. आपली ‘बातमी’ मोजता येते, ‘न्यूज’ येत नाही. म्हणून एका बातमीला ‘अ न्यूज’ म्हणणे चूक आहे, ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणावे. मला तर हीच चूक अधिक खटकते, कारण ती रोजच्या लेखनात उतरते.