नवे औषध आधी डोळ्यात

बाहुली काळी का दिसते? डोळ्याच्या आत अंधार असतो म्हणून नव्हे. आत गेलेला उजेड मागच्या पडद्यावर आपटतो आणि त्यातला थोडा, ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. तो पाहायचा तर आपला डोळा त्या वाटेत हवा. पण तिथे डोके नेले की दिवाच झाकला जातो. त्यामुळे शेकडो वर्षे वैद्य रुग्णाच्या डोळ्यात डोकावत राहिले आणि त्यांना एक काळे वर्तुळ तेवढे दिसत राहिले. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये यावरची युक्ती छापली, ती म्हणजे एक तिरकी काच. दिव्याचा उजेड काचेवरून वळून बाहुलीत शिरतो आणि परतणाऱ्या उजेडातला काही भाग त्याच काचेतून आरपार येऊन पाहणाऱ्याला मिळतो. कुठेही चीर न देता जिवंत माणसाच्या रक्तवाहिन्या पाहता येऊ लागल्या. दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, हा गर्भात मेंदूच्याच फुगवट्यातून तयार होतो. तेव्हा मेंदूचाच एक तुकडा उघड्यावर सापडला असे म्हटले तरी चालेल.

पण पृष्ठभाग दिसणे वेगळे आणि आतले थर दिसणे वेगळे. दृष्टिपटलाची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर आणि तेवढ्यात पेशींचे दहा थर. एखाद्या थरात पाणी साचले, तर समोरून काढलेल्या फोटोत ते निसटू शकते. सोनोग्राफीत आवाजाचा प्रतिध्वनी किती वेळाने आला यावरून खोली कळते. तेच उजेडाने करायचे तर पंचाईत होते, कारण उजेड सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागात तिसरा हिस्सा मिलिमीटर अंतर कापतो. एवढे अचूक घड्याळ आणायचे कुठून? मग घड्याळाचा नादच सोडला गेला. अवरक्त उजेडाचा एक झोत दोन भागांत तोडायचा, एक डोळ्यात पाठवायचा, दुसरा आरशावर आणि परतलेले दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे. दोघांनी सारखेच अंतर कापले असेल तरच त्यांच्या लाटा एकमेकींशी जुळतात. आरसा मागेपुढे सरकवला की कोणत्या खोलीवरून किती उजेड परतला, ते उलगडत जाते. हे तंत्र म्हणजे ओसीटी. १९९१ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि त्यामागच्या जेम्स फुजिमोटो, डेव्हिड ह्वांग आणि एरिक स्वॉन्सन यांना २०२३ मध्ये वैद्यकातला मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. रुग्णाला यातले काही ठाऊक असण्याची गरज नसते. हनुवटी टेकवा, खुणेकडे बघा, पापणी मिटू नका. काही सेकंदांत दृष्टिपटलाचा उभा छेद पडद्यावर हजर. हेल्महोल्ट्झ यांच्या काचेनंतर नेत्रतज्ज्ञांच्या हाती एवढे मोठे साधन आले नव्हते, असे माझे मत आहे.

डोळ्यांवरच्या संशोधनाच्या बातम्या वाचताना एक गोष्ट वारंवार नजरेत भरते. वैद्यकात काही अगदी नवे आले की त्याची पहिली पावले बऱ्याचदा डोळ्यातच पडतात. जनुकीय उपचार घ्या, शरीरात थेट केलेले जनुकसंपादन घ्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचे रोपण घ्या, माणसाच्या मदतीशिवाय निदान करणारा संगणक घ्या. याची कारणे अगदी व्यवहारी आहेत. डोळा लहान आणि बंदिस्त, म्हणून औषध थेंबभर पुरते आणि शरीरभर फारसे पसरत नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा इथे जरा सबुरीने वागते, त्यामुळे बाहेरून आलेल्या पेशी किंवा विषाणू लगेच हाकलले जात नाहीत. आत काय घडले ते काचेतून पाहता येते. शिवाय डोळे दोन असतात. एकाला औषध द्यायचे आणि दुसऱ्याशी ताडून पाहायचे. तुलनेसाठी याहून जवळचा जोडीदार कुठे मिळणार? (या जोडीदाराने एकदा शास्त्रज्ञांना चांगलेच तोंडघशी पाडले. ते पुढे येईलच.)

थेंबभर औषधाची गोष्ट आधी. उतारवयात दृष्टिपटलाच्या मधल्या भागाचा, म्हणजे मॅक्युलाचा ऱ्हास होतो. वाचणे, चेहरे ओळखणे हे सगळे या भागावर चालते. ऱ्हासाच्या ‘ओल्या’ प्रकारात दृष्टिपटलाखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवतात, त्या पाझरतात आणि काही महिन्यांत समोरचा माणूस पुसट होऊन जातो. वाहिन्यांना वाढण्याचा इशारा देणारे व्हीईजीएफ हे प्रथिन नेपोलिओने फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये वेगळे काढले होते. तेव्हा लक्ष्य होते कर्करोग. गाठीचा रक्तपुरवठा तोडणारे बेव्हासिझुमॅब २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. डोळ्यासाठी त्याच कुळातले रानिबिझुमॅब २००६ मध्ये आले. त्याच्या एका मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर सुमारे एक तृतीयांश रुग्णांना तक्त्यावरची पंधरा किंवा त्याहून जास्त अक्षरे नव्याने वाचता आली. त्याआधी या आजारात ‘आणखी बिघडले नाही’ हीच आनंदाची बातमी मानली जायची.

दरम्यान काही डॉक्टरांनी विचार केला की कर्करोगाचेच औषध डोळ्यात का टोचू नये? २००५ मध्ये मायामीत फिलिप रोझेनफेल्ड यांनी तसे केले. कर्करोगात वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम किंवा अधिक लागणारे औषध डोळ्यात सव्वा मिलिग्रॅम पुरले. एका कुपीत कितीतरी डोळे भागू लागले, म्हणून खर्च प्रचंड उतरला. दोन्ही औषधे समोरासमोर ठेवून केलेल्या चाचणीचा निकाल २०११ मध्ये लागला. नजर सुधारण्यात दोघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. वैद्यकात अशा काटकसरीच्या प्रयोगांना बक्षिसे मिळत नाहीत, पण माझ्या मते या क्षेत्रात सर्वात जास्त नजरा त्यांनीच वाचवल्या असतील.

अडचण सुईची आहे. डोळ्यात सुई म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात बधिर केलेल्या डोळ्यात ते काम क्षणात उरकते. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी वर्षानुवर्षे यायचे, सोबत कोणाला तरी आणायचे आणि एक खेप चुकली की पुन्हा पाझर सुरू. म्हणून सध्याचा खटाटोप अंतर वाढवण्याचा आहे. २०२२ मध्ये आलेले फॅरिसिमॅब दोन वेगवेगळ्या प्रथिनांना एकदम अडवते आणि अनेक रुग्णांत तीन-चार महिने निभावते. ऱ्हासाच्या ‘कोरड्या’ प्रकाराच्या शेवटच्या टप्प्यासाठी मात्र २०२३ पर्यंत एकही औषध नव्हते. त्या वर्षी अमेरिकेत दोन मंजूर झाली. ती पेशींच्या मरणाचा वेग कमी करतात, गेलेली नजर परत देत नाहीत. बातम्यांच्या मथळ्यांत हा फरक बहुधा गळून पडतो.

जनुकांकडे वळू. उजेड पडला की तो टिपणाऱ्या दंडपेशी आणि शंकूपेशींतला ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेला एक वाकडा रेणू सरळ होतो. पुन्हा पाहायचे तर त्याला पुन्हा वाकवावे लागते. ते काम आरपीई-६५ नावाचे प्रथिन करते. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील, तर मूल जन्मापासूनच अंधुक पाहते आणि पुढे तेही मावळत जाते. ब्रिआर्ड जातीच्या काही कुत्र्यांत नेमका हाच बिघाड सापडला. एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात धड जनुक भरून ते दृष्टिपटलाखाली सोडले, तर अशी कुत्री पाहू लागतात हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. जीन बेनेट आणि अल्बर्ट मॅग्वायर यांनी हे काम माणसापर्यंत आणले. त्यांच्या चाचणीत अक्षरांचा तक्ता फारसा कामाचा नव्हता. त्यांनी अडथळ्यांची वाट मांडली, जमिनीवर बाण काढले आणि उजेड पायरीपायरीने कमी करत नेला. अगदी मिणमिणत्या, १ लक्स उजेडात उपचार घेतलेल्या २० जणांपैकी १३ जण ती वाट पार करून गेले. उपचार न घेतलेल्यांपैकी कोणालाही ते जमले नाही. २०१७ च्या डिसेंबरात या उपचाराला अमेरिकेत मंजुरी मिळाली. आनुवंशिक आजारासाठी थेट शरीरात जनुक सोडण्याची तिथली ती पहिली परवानगी. पुढे काही रुग्णांच्या दृष्टिपटलाचे काही भाग विरळ होताना आढळले, हेही सांगायला हवे.

हा विषाणू म्हणजे छोटी पिशवी. मोठे जनुक तिच्यात मावत नाही. बिघडले की नजर हिरावणारे सीईपी-२९० हे जनुक असेच आडमाप. तेव्हा अख्खे जनुक न्यायचे सोडून डोळ्यात असलेलेच दुरुस्त करायचे ठरले आणि त्यासाठी क्रिस्पर ही जनुकांची कात्री वापरली गेली. माणसाच्या शरीरात ही कात्री थेट चालवण्याचा पहिला प्रयोग मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात झाला, तोही डोळ्यात. चौदा जणांपैकी अकरा जणांत निदान एका मापावर सुधारणा दिसली, असा निकाल २०२४ मध्ये छापून आला.

आता त्या दुसऱ्या डोळ्याविषयी. लेबर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका आजारात तरुणपणीच दृष्टीची नस सुकते. त्यावरच्या चाचणीत ३७ रुग्णांच्या एका डोळ्यात जनुक सोडले आणि दुसऱ्याला नुसता टोचल्याचा आभास दिला. शहाण्णव आठवड्यांनी मोजले, तर टोचलेला डोळा सरासरी १५ अक्षरांनी सुधारलेला आणि न टोचलेला १३ अक्षरांनी! तुलनाच कोसळली. माकडांत शोधल्यावर विषाणूने नेलेल्या डीएनएचे अंश दुसऱ्या डोळ्यातही सापडले. बंदिस्त समजलेल्या खोलीला मागून बोळ होता म्हणायचा.

निदानात संगणक शिरला, तोही डोळ्यापासूनच. दृष्टिपटलाचे फोटो एकसारखे, सपाट आणि लाखोंनी साठलेले असतात. शिकवायला याहून सोयीचा मसाला नाही. मधुमेहामुळे होणारे नुकसान ओळखायला गूगलच्या चमूने १,२८,१७५ फोटोंवर संगणकाला शिकवले आणि २०१६ मध्ये तो नेत्रतज्ज्ञांच्या तोडीचा ठरला. दोन वर्षांनी अमेरिकेने अशाच दुसऱ्या एका यंत्रणेला डॉक्टरने निकाल तपासण्याची अट न घालता मान्यता दिली. हिच्या चाचणीत ९०० रुग्ण होते. आजार असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८७ तिने पकडले आणि आजार नसलेल्या शंभरांपैकी सुमारे ९० जणांना बरोबर मोकळे केले. २०१८ मध्येच आणखी एक चमत्कारिक निष्कर्ष आला. एक फोटो पुरुषाचा आणि एक स्त्रीचा असे दोन दिले, तर कोणता कोणाचा हे संगणक शंभरात ९७ वेळा बरोबर सांगतो. आयुष्यभर दृष्टिपटल पाहिलेल्या तज्ज्ञाला विचाराल, तर तो खांदे उडवील. फोटोत असे काय आहे, हे अजून नीट उलगडलेले नाही.

प्रयोगशाळेबाहेर मात्र फजिती झाली. थायलंडमधल्या आरोग्यकेंद्रांत गूगलची यंत्रणा नेली, तेव्हा एक पंचमांशाहून जास्त फोटो तिने नाकारले. खोलीत पुरेसा अंधार नाही, रांग लांब, इंटरनेट रडतखडत. परिचारिकांना स्वच्छ दिसणाऱ्या डोळ्याचाही फोटो जरा पुसट आला की यंत्र हात वर करायचे आणि रुग्णाला दूरच्या रुग्णालयाची चिठ्ठी मिळायची. शिकवणीतले फोटो चांगले निवडलेले होते, एवढाच काय तो घोळ.

पेशी मरूनच गेल्या असतील तर? ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रिमा या रोपणाचे निकाल आले. दोन मिलिमीटर लांबी-रुंदीचा आणि ३० मायक्रॉन जाडीचा ३७८ ठिपक्यांचा इलेक्ट्रॉनिक तुकडा मेलेल्या भागाखाली सरकवतात. चष्म्यातला कॅमेरा समोरचे दृश्य अवरक्त उजेडाने त्यावर टाकतो. तुकडा त्याच उजेडावर चालतो, म्हणून तार नको की बॅटरी नको. वर्ष पूर्ण केलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांची अक्षरे ओळखण्याची क्षमता ठळकपणे सुधारली. दिसते ते काळे-पांढरे, सवय व्हायला महिने लागतात आणि अक्षरे मोठी करून घ्यावी लागतात. पण मध्यभागी काहीच न दिसणाऱ्या माणसाने पुस्तकातला शब्द वाचणे ही लहान गोष्ट नाही. एक धास्ती मात्र उरते. आधीच्या एका डोळ्यातल्या उपकरणाचे उत्पादन कंपनीने बंद केले आणि रुग्ण दुरुस्ती नसलेले यंत्र डोळ्यात घेऊन बसले.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची गोष्ट त्यामानाने थोडक्यात आटोपते. ओसाका विद्यापीठात कोजी निशिदा यांच्या चमूने प्रौढ पेशींना उलट मूलपेशी बनवून, त्यांच्यापासून तयार केलेला पातळ थर चार रुग्णांवर बसवला. निकाल २०२४ मध्ये आले आणि ते आशादायक आहेत. चार ही संख्या मात्र लक्षात ठेवावी.

काचबिंदूशी आले की डोळ्याच्या या सगळ्या सोयी संपतात. इथे मरतात त्या दृष्टीच्या नसेतल्या तंतूंच्या पेशी. एका नसेत दहा लाखांहून जास्त तंतू, प्रत्येकाचा मेंदूत ठरलेला पत्ता. तुटलेला तंतू पुन्हा वाढवायचा आणि त्याला त्याच पत्त्यावर पोचवायचे, हे माणसात अजून कोणाला साधलेले नाही. पेशींचे वय मागे नेणारी तीन जनुके सोडून उंदरांची गेलेली दृष्टी काही अंशी परत आणल्याचे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आहे. माणसात आजही डोळ्यातला दाब उतरवणे हाच उपाय. त्यात एक बदल झाला. २०१९ च्या एका ब्रिटिश चाचणीत थेंबांऐवजी सुरुवातीलाच सौम्य लेसर दिलेल्यांपैकी ७४ टक्के लोक तीन वर्षांनंतरही थेंबांवाचून होते. त्यामुळे थेंब आधी की लेसर आधी, हा क्रम आता अनेक ठिकाणी उलटा झाला आहे.

पण लेसरही उरलेल्या तंतूंनाच वाचवतो. रुग्णाला मात्र किती उरले याचा पत्ता नसतो, कारण नजरेत पडलेले भोक काळे दिसत नाही. मेंदू आजूबाजूचे रंग ओढून ते बुजवून टाकतो. म्हणून तपासणीत माणसाला एका पांढऱ्या वाडग्यात बघायला लावतात, हातात बटण देतात आणि ठिपका चमकला की दाबा म्हणतात. मनापासून दाबणारा रुग्ण बाहेर येऊन सांगतो की मी सगळे दाबले, एकही सोडला नाही. हातातल्या कागदावर तेव्हा नाकाकडचा एक कोपरा काळा छापलेला असतो.