हललेला फोटो डिलीट करायच्या आधी

प्राण्यांचे फोटो सगळ्यांच्याच फोनमध्ये असतात, खिडकीत येऊन बसलेलं कबुतर, गाडीखाली झोपलेली मांजर, भिंतीवरचा कोळी, आणि त्यातले निम्मे हललेले निघतात म्हणून आपण ते उडवून टाकतो. मी पण आधी उडवायचो. आता जपून ठेवतो, कारण प्राणी कसा चालतो, कसा बघतो हे नेमकं त्या बिघडलेल्या फोटोंत पकडलं जातं, नुसत्या डोळ्यांना ते कळतच नाही.

कबुतराचंच घ्या. चालणाऱ्या कबुतराचे बर्स्ट मोडवर, म्हणजे एकापाठोपाठ झटपट, पंधरा-वीस फोटो काढा आणि एकेक मोठा करून बघा. काही फोटोंत पाय आणि अंग पुसट आलंय पण डोकं मात्र एकदम शार्प, डोळ्याभोवतीची कड सुद्धा स्पष्ट. कबुतर डोकं पुढे-मागे हलवतं असं आपल्याला वाटतं ना, खरं तर ते डोकं मागे नेतच नाही, झटकन पुढे टाकतं, मग तिथेच हवेत धरून ठेवतं आणि अंग चालत चालत त्याच्याखाली येतं, की परत झटका. डोकं थांबलेलं असतं तेवढा वेळ त्याला आजूबाजूचं जग स्थिर दिसतं. आपण चालताना हे काम डोळे हलवून करतो, कबुतर मान वापरतं. १९७८ मध्ये कॅनडातले संशोधक बॅरी फ्रॉस्ट यांनी कबुतरांना ट्रेडमिलवर चालवलं, म्हणजे पाय चालू पण समोरचं दृश्य जागच्या जागी, तर डोकं हलायचंच बंद झालं! मान हलते ती चालण्यामुळे नाही, बघण्यासाठी. इतका साधा आणि इतका सुंदर प्रयोग मला तरी दुसरा आठवत नाही.

आणि गंमत म्हणजे त्याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८७८ मध्ये, छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी कॅलिफोर्नियात पळणाऱ्या घोड्याच्या वाटेवर ओळीने १२ कॅमेरे लावले होते. तोपर्यंत चित्रकार घोडा काढायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला, फोटोत दिसलं की चारही पाय हवेत असतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात. आज तेच काम आपल्या खिशातला फोन करतो.

मांजरीचा रात्रीचा फोटो, डोळ्यांच्या जागी दोन हिरवे दिवे. तिच्या दृष्टिपटलामागे (डोळ्याच्या आतला, प्रकाश टिपणारा पडदा) आरशासारखा एक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम, जो प्रकाश दृष्टिपटलातून निसटून मागे जातो त्याला तो परत पुढे ढकलतो, म्हणजे अंधुक उजेड तिला दोनदा वापरायला मिळतो. फोनचा फ्लॅश लेन्सला अगदी चिकटून असल्यामुळे आला त्याच वाटेने परतणारा प्रकाश थेट कॅमेऱ्यात शिरतो. आपल्याकडे हा थर नाही, म्हणून फ्लॅशमध्ये आपले डोळे लाल येतात, तो मागच्या रक्ताचा रंग. फक्त एक फोटो काढून थांबा, अंधारात तिची बाहुली पूर्ण उघडी असते, तिला त्रास होतो.

माशी फ्रेममधून उडून गेली तर वाईट वाटून घेऊ नका. आपल्याला सेकंदाला साधारण ६० वेळा लुकलुकणारा दिवा सलग पेटलेला दिसतो, माशीला २५० च्या आसपास सुद्धा लुकलुक वेगळी कळते, त्यामुळे आपला हात तिला सावकाश येताना दिसतो.

पण खरी मजा उड्या मारणाऱ्या कोळ्याची, तो भिंतीवर, खिडकीच्या चौकटीवर असतो, जाळं विणून शिकार पकडत नाही. फोन जवळ नेला की वळून सरळ लेन्सकडेच बघतो! आठ डोळ्यांपैकी बाजूचे डोळे हालचाल टिपतात, मग तो अंग फिरवून समोरचे दोन मोठे डोळे आपल्यावर रोखतो. या डोळ्यांची भिंगं डोक्यात पक्की बसवलेली, ती हलत नाहीत, आत एक लांब नळी असते आणि तिच्या टोकाला असलेलं दृष्टिपटल स्नायूंनी इकडेतिकडे फिरतं. एकापाठोपाठ काढलेले चार-पाच फोटो शेजारी ठेवून बघा, कोळी जागचा हललेला नसतो तरी एका फोटोत डोळा काळाकुट्ट आणि पुढच्यात तपकिरी. काळा दिसतो तेव्हा नळी थेट लेन्सकडे रोखलेली असते, म्हणजे त्या क्षणी तो तुमच्याकडेच बघत होता.