एल्कच्या शिकारीसाठी काडतुसाची निवड

एल्क ऊर्फ वापिटी (सर्व्हस कॅनडेन्सिस) हे उत्तर अमेरिकेतले सांबराहून थोराड हरीण. रॉकी पर्वतातल्या नराचे वजन सरासरी ३२० किलो, मादीचे २२५ किलोच्या आसपास आणि खांद्यापाशी उंची दीड मीटर. कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना, आयडाहो या राज्यांत दर शरद ऋतूत परवान्यावर त्याची शिकार चालते. त्यासाठी रायफलचे कोणते काडतूस घ्यावे, हा तिथल्या शिकाऱ्यांचा कधीच न मिटणारा वाद आहे.

नावाचा घोळ आधी निस्तरलेला बरा. ‘वापिटी’ हा शॉनी लोकांचा शब्द. अर्थ ‘पांढऱ्या पार्श्वभागाचा’. युरोपात मात्र एल्क म्हणजे मूस, हा वेगळाच प्राणी. सिलोनमधले ब्रिटिश शिकारी तर चक्क सांबराला एल्क म्हणत, त्यामुळे त्या काळची शिकारवर्णने वाचताना फसगत होते. आपल्याकडचा वापिटीचा जवळचा नातलग म्हणजे काश्मीरचा हंगुल. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा खेळ संपवला, तेव्हा ही नोंद अमेरिकेपुरती आहे.

काडतूस हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. बोलताना आपण सगळ्यालाच ‘गोळी’ म्हणतो. पण पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली, आत दारू आणि तोंडाशी गोळी असा हा चौघांचा संसार असतो. गोळीचे वजन ग्रेनमध्ये मोजतात; ७,००० ग्रेनचा एक पौंड. इंग्रजी अमदानीत १८३३ साली तोळ्याचे वजन बरोबर १८० ग्रेन ठरवले गेले, आणि .३०-०६ रायफलमधून (अशा नावांतला पहिला आकडा म्हणजे साधारण व्यास, इंचांत) एल्कवर झाडायची सगळ्यांत रुळलेली गोळीही १८० ग्रेनचीच. म्हणजे ११.६६ ग्रॅम, जुन्या हिशेबाने तोळाभर. हा तोळा नळीतून सेकंदाला सुमारे २,७०० फूट वेगाने सुटतो, आवाजाच्या जवळजवळ अडीचपट. त्याने सव्वातीनशे किलोचे जनावर पाडायचे असते.

पाडायचे कसे, हे कळल्याशिवाय काडतुसांची चर्चा व्यर्थ आहे. नेम धरायचा तो पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या निम्म्या भागात. तिथे हृदय आणि दोन्ही फुफ्फुसे आहेत. दोन्ही फुफ्फुसे भेदली गेली की रक्तदाब कोसळतो आणि एल्क काही सेकंदांत ढासळतो. तरीही तेवढ्या वेळात तो पन्नास-शंभर मीटर चालून जाऊ शकतो, आणि गर्द झाडीत तेवढे अंतरही पुष्कळ झाले. गोळी पलीकडून बाहेर पडली असेल तर जमिनीवर रक्ताचा माग मिळतो. अडचण अशी, की जनावर नेहमी आडवे उभे राहत नाही. तिरके उभे असले की मध्ये खांद्याचे हाड, जाड स्नायू, कधी चाऱ्याने गच्च भरलेले पोट येते. तेवढे ओलांडूनही गोळीला छातीपर्यंत पोचावे लागते.

म्हणून खरा प्रश्न पुंगळीच्या मापाइतकाच गोळीच्या बांधणीचा आहे, आणि माझ्या मते आधी बांधणीचाच. साध्या गोळीत तांब्याच्या पातळ कवचात शिसे भरलेले असते. जवळून, पूर्ण वेगात ती आदळली तर हाडावरच फुटून तुकडे होतात. १९४६ साली ब्रिटिश कोलंबियात मूसवर झाडलेल्या गोळ्या अशाच वरच्यावर फुटल्याचे पाहून जॉन नॉस्लर यांनी कवचाच्या मधोमध आडवी भिंत असलेली गोळी घडवली आणि १९४८ मध्ये ती ‘पार्टिशन’ नावाने विकायला काढली. तिचा पुढचा कप्पा अळंबीच्या छत्रीसारखा फुलतो आणि जखम रुंद करतो. मागचा कप्पा भिंतीमुळे शाबूत राहून आत घुसत जातो. पुढे शिसे कवचाला चिकटवून टाकलेल्या ‘बाँडेड’ गोळ्या आल्या. १९८९ मध्ये बार्न्स कंपनीने अख्ख्या तांब्याची गोळी बाजारात आणली. तिचे वजन आत गेल्यावरही जवळपास सगळे टिकते आणि मांसात शिशाचे कण उरत नाहीत. गिधाडवर्गातल्या काँडोर पक्ष्यांना शिशाची विषबाधा होते, म्हणून कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. तिथे हा पर्याय आता सक्तीचाच आहे.

काडतुसांच्या भांडणाला गेल्या शतकात दोन लेखकांनी धार आणली. ‘आउटडोअर लाइफ’ या शिकारविषयक मासिकाचे जॅक ओकॉनर .२७० विंचेस्टरचे (१९२५) कैवारी. हलकी, वेगवान गोळी आणि अचूक नेम यांवर त्यांचा भरवसा. आयडाहोचे एल्मर कीथ नेमके उलट: मोठा व्यास, २५० ग्रेनची जड गोळी, म्हणजे हाड आले तरी बेहत्तर. कीथ यांच्या विचाराला पुढे .३३८ विंचेस्टर मॅग्नमच्या (१९५८; मॅग्नम म्हणजे जादा दारूचे जोरकस काडतूस) रूपाने कारखान्याचा शिक्का मिळाला. दोघांनीही आयुष्यभर भरपूर एल्क मारले, यातच वादाचे बरेचसे उत्तर आले.

या दोन टोकांच्या मध्ये .३०-०६ स्प्रिंगफील्ड उभे आहे. नावातला ०६ म्हणजे १९०६. काडतूस मूळचे अमेरिकी लष्कराचे, पण खेड्यातल्या दुकानातही मिळते आणि पहिल्यांदा एल्कला जाणाऱ्याने डोळे झाकून घ्यावे असे. त्याच्याहून आखूड .३०८ विंचेस्टर (१९५२) थोडेच मागे पडते. सपाट मार्गाने लांब मारायचे तर ७ मिमी रेमिंग्टन मॅग्नम (१९६२) किंवा .३०० विंचेस्टर मॅग्नम (१९६३). दोनशे यार्डांवर नेम जुळवलेल्या .३०-०६ ची १८० ग्रेनची गोळी तीनशे यार्डांवर आठ-नऊ इंच आणि चारशेवर सुमारे दोन फूट खाली येते. मॅग्नम हा फरक कमी करतात, नाहीसा करत नाहीत. २००७ चे ६.५ क्रीडमूर हे अलीकडचे लाडके आणि टवाळीचेही धनी. त्याची १४३ ग्रेनची लांबुळकी गोळी हवा छान कापते, पण एल्कसाठी १,५०० फूट-पौंड ऊर्जा हवी हा प्रचलित ठोकताळा लावला तर ती साडेतीनशे ते चारशे यार्डांच्या दरम्यान कुठेतरी दम तोडते. ठोकताळा तो ठोकताळाच. स्वीडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या याच व्यासाच्या ६.५×५५ ने, जड गोळी वापरून, एल्कहून मोठा मूस मारला जातो.

कायद्याची अट त्यामानाने सैल आहे. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ इंच व्यास, ८५ ग्रेनची फुलणारी गोळी आणि शंभर यार्डांवर १,००० फूट-पौंड ऊर्जा एवढे पुरते; म्हणजे .२४३ विंचेस्टरही कायद्यात बसते. कायद्यात बसते म्हणून न्यावे, असे मात्र नाही. तिरक्या जनावरावर तिथे हाताशी काहीच शिल्लक राहत नाही.

दुसऱ्या टोकाचा धोका धक्क्याचा. आठ पौंडांच्या रायफलीत .३०-०६ साधारण २० फूट-पौंडांचा धक्का देते, ६.५ क्रीडमूर त्याहून बरेच कमी, तर .३३८ मॅग्नम तीसच्या वर. खांद्याला मार बसला की बोट चाप ओढण्याआधीच अंग दचकते, आणि हे ज्याचे त्याला कळत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. चाँदमारीच्या मैदानावर मित्राने न सांगता मधेच एखादे नकली काडतूस भरून द्यायचे. चाप ओढला, नुसता ‘टक्’ झाला, बार उडालाच नाही. तरी नळीचे टोक गपकन खाली गेले, डोळे मिटले. लाजिरवाणा प्रकार, पण खरा. असे होत असेल तर मॅग्नम विकून .२७० घ्यावी. पोटात लागलेली .३३८ ची गोळी फुफ्फुसात बसलेल्या .२७० ची बरोबरी करू शकत नाही.

अंतराची मर्यादाही माणसागणिक वेगळी. तीन हजार मीटर उंचीवर चढ चढून धापा टाकणारा माणूस, गुडघ्यावर बसून, थंडीत, ज्या अंतरावर ताटलीएवढ्या जागेत पाचपैकी पाच गोळ्या घालू शकतो, ते त्याचे अंतर. टेबलावर वाळूची पिशवी ठेवून जुळवलेले चारशे यार्ड तिथे सहज दोनशेवर येतात.

जनावर सोलताना पलीकडच्या कातड्याखाली कधी बोटाला कडक गाठ लागते. सुरीच्या टोकाने कातडी चिरली की गोळी हातात येते: पुढून तांब्याच्या पाकळ्या मागे वळलेल्या, बुडाशी शिसे तसेच. शिकारी ती धुऊन पुसून बंदुकीची दारू तोलायच्या काट्यावर ठेवतात. पार्टिशन असेल तर साधारण दोन तृतीयांश वजन उरलेले असते. बारा माशांच्या तोळ्यातले आठ मासे.