गोल्डफिशचं घर लहान कसं झालं

‘टँक जेवढा, तेवढाच मासा वाढतो,’ असं सांगत आजही काचेच्या बाऊलसोबत गोल्डफिश विकला जातो. हे खरं नाही. पण इतकी चुकीची गोष्ट इतकी वर्षं टिकली कशी, हे समजून घ्यायचं तर आधी या माशाची चिवट कुडी समजून घ्यावी लागते.

गोल्डफिश कार्पच्या कुळातला, म्हणजे आपल्या रोहू-कटल्याचा नातलग. चीनमधला त्याचा मूळपुरुष मातकट, करड्या रंगाचा, संथ पाण्यात आणि चिखलाच्या तळ्यांत राहणारा. पाण्यातला ऑक्सिजन जवळपास संपला तरी हा मासा थंडीत दिवसच्या दिवस तग धरतो. अशा वेळी शरीरात साचणारं लॅक्टिक आम्ल तो अल्कोहोलमध्ये बदलतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. ही करामत फार थोड्या माशांना जमते आणि शास्त्रज्ञांनी ती १९८० मध्ये दाखवून दिली. माझ्या मते हाच गुण गोल्डफिशच्या मुळावर आला. दुसरा मासा ज्या पाण्यात दोन दिवसांत मेला असता, तिथे हा महिनोन्‌महिने जगतो आणि घरातल्यांना वाटतं, मजेत आहे.

त्याचं पहिलं पाळीव घर मात्र तळंच होतं. करड्या माशांत अधूनमधून एखादा लालसर-सोनेरी निपजे. बौद्ध लोक पुण्यकर्म म्हणून जिवंत प्राणी सोडून देत, तेव्हा असे वेगळ्या रंगाचे मासे देवळांच्या तळ्यांत सोडले जात. तिथे त्यांना कुणी मारत नसे. चीनच्या सोंग राजवटीत, १२व्या शतकात, हांगचौ या राजधानीच्या शहरातल्या राजवाड्यातही त्यांच्यासाठी तळी आली. तोवर मासा मोकळ्या पाण्यातच होता.

पुढे मिंग राजवटीच्या काळात (१३६८–१६४४) तो मातीच्या आणि चिनी मातीच्या मोठ्या कुंडांत आला. इथेच इतिहासाचं वळण आहे. तळ्यात दुहेरी शेपटीचा, संथ पोहणारा मासा भुकेने किंवा शिकाऱ्याच्या तोंडी जाऊन संपला असता; कुंडात तो वाचला आणि त्याची पैदास करता आली. १५९६ मध्ये जांग छ्येनदं या चिनी लेखकाने या लाल माशांवर, म्हणजे गोल्डफिशवरच, एक पुस्तिका लिहिली. हजारो पिल्लांतून शेकडा एखाद-दोनच ठेवायची, बाकीची काढून टाकायची, अशी निवड तो सांगतो. ओरांडा, ब्लॅक मूर या आजच्या गोल्डफिशच्या जातींचे पूर्वज अशा निवडीतून घडले. ही कुंडं तोंडाला रुंद असत आणि मासा वरून पाहायचा असे. रुंद तोंड म्हणजे हवेला भिडणारं पाणी जास्त. शिवाय पाणी बदलायला माणसं असत.

जपानमार्गे आणि समुद्री व्यापारातून १७व्या-१८व्या शतकांत गोल्डफिश युरोपात पोचला आणि तिथल्या दिवाणखान्यात काचेच्या गोल भांड्यात बसला. मासा आता बाजूने दिसू लागला, पण भांड्याचं तोंड आवळलं गेलं. काठोकाठ भरलेल्या गोल बाऊलमध्ये पाणी सगळ्यात जास्त आणि हवेला लागणारा पृष्ठभाग सगळ्यात कमी. पाण्यात ऑक्सिजन उतरतो तो या पृष्ठभागातूनच.

यावर पहिला शहाणा विचार केला लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी. १८४९ मध्ये त्यांनी सुमारे ५४ लिटर मावेल अशा काचपात्रात दोन लहान गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि कुजलेली पानं खाणाऱ्या गोगलगायी एकत्र ठेवल्या आणि पाणी न बदलता समतोल साधता येतो का, हे पाहिलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण इथे भांड्याचा विचार माशाच्या बाजूने झाला. माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू कळायला मात्र १८९०च्या आसपासची जिवाणूशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्‌स्की यांची कामं यावी लागली. आजचा फिल्टर त्याच जिवाणूंना घर देतो.

मग लहान टँकमध्ये मासा लहान का राहतो? अमोनिया-नायट्रेटने भरलेल्या पाण्यात तो खुंटतो, म्हणून. मोकळं पाणी मिळालं की काय होतं, ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या व्हॅस नदीत दिसलं. कुणीतरी सोडलेल्या गोल्डफिशचे वंशज तिथे जवळजवळ दोन किलोंचे झाले. आणि १९५६ मध्ये इंग्लंडच्या एका जत्रेत बक्षीस मिळालेला गोल्डफिश १९९९ पर्यंत, तब्बल ४३ वर्षं जगला.

आपल्याकडे टँक फुटांत मागतात. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. म्हणजे सगळीकडे मिळणारा २ × १ × १ चा टँक भरतो ५७ लिटरचा, खडी घातली की त्याहून कमी. अनुभवी पाळणारे ओरांडासारख्या जाड्या जातीच्या पहिल्या माशाला साधारण ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतात. साधा लांब अंगाचा गोल्डफिश फूटभर होऊ शकतो, त्याला बागेतलं टाकंच बरं. फेंगशुईच्या नावाने आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ मासे या दोन फुटी टँकमध्ये घातलेले मी अनेक घरांत पाहिलेत. वरच्या हिशेबाने नऊ जणांना जवळपास ४०० लिटर लागतील. चार फूट लांब आणि दीड-दीड फूट रुंद-उंच टँकमध्येही मावतं २५५ लिटर. तीन फुटी, १९० लिटरच्या टँकमध्ये दोन किंवा तीन ओरांडा, चांगला फिल्टर आणि दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं, एवढं केलं तर ते दहा-पंधरा वर्षं सोबत राहतात.